शह न देता

ता. ४ जून

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पत्रातून चाललेला आपला बुद्धिबळाचा डाव संपला. तुझी बाकी मोहरी मी कधीच मारली. आता माझा वजीर तुझ्या कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या एका उडीवर ठेवला आहे. तुला हलायला एक घर नाही, म्हणजे तू हरलीस! ठरल्याप्रमाणे बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची किल्ली पाठव. विकत घेणारा तयार आहे, उगाच फाटे फोडू नकोस. मुलांना पापा.

तुझा दादा

ता. ९ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

किल्ली मिळणार नाही. शह असेल आणि सुटका नसेल तरच मात. माझ्या राजाला शह आहे कुठे? आजूबाजूची तिन्ही घरं तुझ्या माऱ्यात, पण तो उभा आहे त्या घरावर मारा नाही. चाल माझी आणि चालायला जागा नाही, म्हणजे डाव बरोबरीत. बरोबरी झाली तर दुकान मीच चालवायचं, हे तूच लिहिलं होतंस. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, सध्या जरा कमी.

तुझी ठमी

ता. १५ जून

चि. ठमीस,

आशीर्वाद गेले खड्ड्यात! मी तुला कोपऱ्यात कोंडायचं आणि वर बरोबरी? बाबांनी असला नियम शिकवला नाही. आपल्या घरी ज्याला चाल नाही तो हरायचा. इथल्या क्लबात विचारलं, तर ते शहाणेही तुझीच री ओढतात. मला नियम सांगू नकोस, किल्ली पाठव.

दादा

ता. २० जून

ती. दादास,

माझंही डोकं फिरलं आहे, तेव्हा स्पष्टच लिहिते. दुकानाची वीज तोडायला लावलीस. सुटे भाग देणाऱ्याचे कान भरलेस. मी खिडकीशी बसून, डोळ्याला भिंग लावून, उजेड असेतो काम करते. पण "ठमे, नीघ तिथून" असं तू मला एकदाही लिहिलेलं नाहीस. सगळ्या वाटा बंद करायच्या आणि मी आपणहून उठायची वाट बघायची! मी उठणार नाही. हिंमत असेल तर शह दे. ते वाक्य लिही, त्याच दिवशी किल्ली पाठवते.

ठमी

ता. २८ जून

चि. ठमीस,

घेणाऱ्याला नाही म्हणून कळवलं. वीज परवा जोडतील. बाबांचा नियम चुकीचा होता, हे कबूल करताना जिवावर येतंय. तुझ्यावरचा माझा राग तर अजून तसाच आहे, उत्तर पाठवू नकोस. चार वेळा कागद पुढे ओढला, कार्टे, आणि चारही वेळा फाडला. ते वाक्य माझ्या हातून लिहून होत नाही.

दादा