फ्वेंतेसेकातला इंग्रजी भूतकाळ

फ्वेंतेसेका,
सान इसिद्रोच्या सणानंतरचा गुरुवार

आदरणीय ओब्दुलियावन्सं,

एर्मिनियाचा नमस्कार आणि दोन्ही गालांचे पापे. तुमचे गुडघे सारागोसाच्या वाऱ्याला पुरून उरले असतील अशी आशा आहे. इकडे सगळे आहोत तसे आहोत. सासूबाईंची, म्हणजे तुमच्या आईंची, प्रकृती उत्तम आहे. इतकी उत्तम की गेल्या मंगळवारपासून त्या माझ्याशी एक अक्षर बोललेल्या नाहीत आणि त्याचा त्यांना जराही त्रास झालेला नाही. जेवताना मीठ हवं असलं तर मांजराला सांगतात. (मांजर देत नाही, मग मीच देते.) पत्र लिहिण्याचं कारण शेवटी येईलच, आधी माझी दैना ऐका.

आपल्या निएवेसच्या बाळाचा बाप्तिस्मा इथेच, गावच्या चर्चमध्ये करायचा ठरलाय हे तुम्हाला कळलंच असेल. त्यासाठी तिच्या इंग्रज सासूबाई, माझ्या विहीणबाई, उन्हाळ्यात येणार. मागच्या खेपेला आठवडाभर मी त्यांच्याशी नुसती हसत होते. जबडा दुखून आला. पोरीच्या सासरची माणसं आपल्याला मुकी समजणार, हे काही मला सहन होईना. म्हणून नगरपालिकेच्या इंग्रजी वर्गात नाव घातलं. वर्तमानकाळ बरा गेला. हे टेबल आहे, मी बाई आहे, डुक्कर मोठं आहे. मला वाटलं, इंग्रजी खिशात आली.

मग आला भूतकाळ. आमच्या लेइरेबाई (बिल्बाओची पोर, निएवेसपेक्षाही लहान, स्वभावाने देवमाणूस) त्याला साधा भूतकाळ म्हणतात. वन्सं, साठीला आलेल्या विधवेचा भूतकाळ साधा कसा असेल? आपल्या भाषेत माणूस 'गायचा' ते वेगळं आणि 'गायला' ते वेगळं. कासिमिरो रोज सकाळी दाढी करताना गायचे; वारले मात्र एकदाच. इंग्रजांनी दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्यात. म्हणजे मी विहीणबाईंना सांगायला जावं की माझे यजमान गायचे, आणि त्यांनी समजावं की बिचारा जन्मात एकदाच गायला. त्यात ती क्रियापदं! त्यांचं 'गो' कालचं झालं की 'वेंट' होतं. काल रात्री कोण आलं नि याला काय केलं, काही कळत नाही. पुन्हा 'गेलीस का?' असं विचारायचं तर पुढे 'डिड' नावाचा एक मुकादम उभा करायचा, आणि तो दिसला की 'वेंट' घाबरून परत 'गो' होतं. मी त्या मुकादमाला हटकून विसरते. सेवेरिनो, आपला पेन्शनीतला पोस्टमन, त्याला जिथे तिथे घुसवतो. त्या नादात मी एकदा मसुरात साखर घातली.

पण खरी आफत व्याकरणाची नाही, गावाची आहे. लेइरेबाई प्रत्येकाला एकच विचारतात, काल काय केलंत? शहरात हा प्रश्न चालत असेल. इथे सेवेरिनो उभा राहून घाम पुसत इंग्रजीत म्हणाला की काल मी बागेला पाणी घातलं, आणि बाईंनी त्याची चूक काढायच्या आत रोगेलिया (आपल्या समोरची, संध्याकाळी रस्त्यात खुर्ची टाकून बसते ती) कडाडली, "कधी रे? काल दिवसभर बारमध्ये पत्ते कुटत होतास की!" तो म्हणाला, मला तेवढंच क्रियापद येतं. "म्हणून खोटं बोलशील होय?" बाईंनी काकुळतीला येऊन सांगितलं की वाक्य बरोबर असलं की पुरे, गोष्ट खरी असायची गरज नाही. हे कुणालाच पटलं नाही. काल या गावात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं, मग न झालेलं सांगायचं कुणाला? पुढे रोगेलियाने काल मासा खाल्ला म्हणून सांगितलं, तर मागून कुणीतरी वासावरून अंडी होती म्हणालं, आणि उरलेला तास त्या अंड्यांत गेला. वर्गात भाषेची चूक कुणी काढत नाही, सगळे साक्षी काढतात.

गेल्या मंगळवारी माझा नंबर लागला. नुसतं शेपूट लावलं की कालचं होणारं एखादं गरीब क्रियापद मी शोधत होते, तेव्हा नाचणं सापडलं. एकटीच नाचले म्हणावं तर लोक डॉक्टरला बोलावतील, म्हणून सोबत कुणीतरी हवं होतं. खिडकीतून बेकरीचं धुराडं दिसत होतं. मी म्हणाले, काल मी बाउदिलिओबरोबर नाचले. (बाउदिलिओ म्हणजे आपला पाववाला. तोही एकटाच. मोठ्या कानांचा, आठवत असेल.) लेइरेबाईंनी टाळ्या वाजवल्या, इतक्या महिन्यांत माझं ते पहिलं निर्दोष वाक्य. पण "खोटं!" असं कुणीच ओरडलं नाही, रोगेलियासुद्धा नाही. आणि ज्या गोष्टीला इथे कुणी हरकत घेत नाही ती झालीच असं धरतात.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सासूबाईंनी मला पाहिलं आणि मांजराला हाक मारली. जेवायच्या वेळेला निएवेसचा फोन, तोही इंग्लंडहून: "आई, अगं तू नाचलीस?" पाद्रीसाहेबांनी सप्टेंबरातल्या लग्नाच्या मोकळ्या तारखा मला आपणहून सांगितल्या. बाउदिलिओ पाव दारात ठेवून न बोलता पळतो, कान लालभडक. काय करू, वन्सं? ज्या घरात मी पंचविशीत आले त्या घरात आता मांजराला माझ्यापेक्षा जास्त मान आहे. मला फार एकटं वाटतं. मी वर्ग सोडतेय. विहीणबाईंशी वर्तमानकाळातच बोलेन; डुक्कर आहे तेवढं पुरे.

तुमची दुर्दैवी भावजय,
एर्मिनिया

ता. क. सोबत सॉसेज पाठवतेय. लाल दोऱ्याचं तिखट आहे, ते तुमच्या पोटाला नको.

ता. क. दुसरा. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. ते वाक्य खरं होतं. सोमवारी पाव भट्टीत होते, रेडिओवर पासोदोब्लेची धून लागली, आणि आम्ही पिठाच्या पोत्यांमध्ये नाचलो. या गावात कुणीही न पाहिलेली ती एकच गोष्ट, आणि ती मीच जाऊन भर वर्गात सांगितली.

ता. क. तिसरा, आणि यासाठीच पत्र. त्याने मला तेव्हाच लग्नाचं विचारलं. मला हो म्हणायचंय. वेदीपर्यंत हात धरून न्यायला घरचं माणूस लागतं. मला ना वडील ना भाऊ. कासिमिरोंची बहीण माझ्या शेजारून चालली तर गावाची तोंडं बंद होतील, आणि माझं मनही मला खाणार नाही. याल का?

---

ओब्दुलिया, खालचं मी लिहितेय, तुझी आई. ही पाकीट न चिकटवता पाव आणायला गेलीय (दारात पाव येऊन पडलेला असूनही; हल्ली पाव आणायला फार वेळ लागतो), म्हणून सगळं वाचून झालं. नाचली याचा मला राग नाही. सगळ्या वर्गाला सांगितलं, रोगेलियाला सांगितलं, आणि एका ताटावर जेवणाऱ्या मला तिसऱ्याच्या तोंडून कळलं, त्याचा राग आहे. कासिमिरो माझा मुलगा होता. तो गेल्यावर मला उचलून न्हाऊ घातलं, भरवलं, ते हिनेच. तू जरूर ये, पण शेजारून चालायला नको. तिला वेदीपर्यंत मीच नेणार. मला वेळ लागेल, तेवढा वेळ गावाने उभं राहावं. हे तिला आत्ताच कळवू नकोस. मी अजून तिच्याशी बोलत नाहीये.