सारवलेल्या खळ्यावरची समुद्रकाकडी

तळेघर, गुरुवार, नोव्हेंबर २००३

सखूबाई आज रागावल्या नाहीत, याचे उपकार कसे फेडू? चूक सगळी माझीच. व्हेल शार्क केवढा असतो ते पोरांना दाखवायला शाळेमागच्या त्यांच्या खळ्यावर चुन्याची फक्की टाकून चाळीस फुटांचा मासा काढला. शेजारी वीतभर समुद्रकाकडी. दोन्ही जीव संपत चाललेत म्हणून दोघांचीही शिकार बंद केलीय, एवढंच सांगायचं होतं. पण खळं भाताच्या मळणीसाठी कालच सारवलेलं. त्यावर मळणीआधी कुणी पाय ठेवत नाही, हे मला नारायणगावच्या माणसाला ठाऊक नव्हतं. विचारायला काय झालं होतं? वर अख्खा वर्ग नाचवला!

सखूबाई आल्या आणि कडेकडेनं चालत समुद्रकाकडीपाशी येऊन थांबल्या.

"मास्तर, ह्यो मोठा कळला. ही बारकी काय करती?"

"वाळू गिळते. त्यातलं कुजकं खाते आणि स्वच्छ वाळू मागं टाकते."

"मंजी दिसभर साफसफाई. अन् तिलाबी मारत्यात व्हय?"

मी हात जोडले, तर म्हणाल्या, "जावा, पोरं खोळंबल्यात."

संध्याकाळी पुन्हा गेलो, सारवायला हात लावावा म्हणून. तोवर त्यांनी एकटीनं सगळं उरकलं होतं. चाळीस फुटांचा शार्क शेणाखाली गेला होता. कडेला मात्र वीतभर जागा कोरडी, फक्कीची रेघ जिथल्या तिथं. सखूबाईंनी हात वळवून तिच्या भोवतीनं सारवलं होतं.