अंगठा रुख्माचाच

गोंदिया, कार्तिक शुद्ध दशमी

चि. रुख्मा हिला टिकारामदादाचा आशीर्वाद.

देवाच्या दयेने मी बरा आहे. तिकडे धान कापणीला आले काय? हे पत्र मास्तरांकडूनच वाचून घे, दिराच्या हाती देऊ नको.

तो तुझे शेत आपल्या नावे करू पाहतो, म्हणून मी येथील सेवा समितीत गेलो. तिथले मुन्नालाल विधवांच्या वतीने तहसीलदारापुढे बोलतात, पैसा घेत नाहीत. मला ते खरे वाटेना. फुकट कोण कोणासाठी उभा राहतो? त्यांनी तुझ्या नावाने लिहिलेला अर्ज दोनदा वाचला, कुठे कोरी जागा सोडली आहे काय तेही पाहिले.

मग तुझ्या जागी मीच सही करू लागलो, तर त्यांनी कागद ओढून घेतला. म्हणाले, "शेत बाईचे आहे, अंगठाही तिचाच पाहिजे. दीर घरचाच आहे ना? मग भावावर तरी मी भरोसा काऊन करू?"

राग आला. पण सकाळी पूजेला बसल्यावर वाटले, माझ्यावरही संशय घेणारा माणूस तुझ्या कामाचा आहे.

मुन्नालाल सोमवारी अर्ज घेऊन तुझ्याकडे येतील. तरी अंगठ्याआधी मास्तरांकडून अर्ज वाचून घे, आणि मनातले तूच सांग. मी मुद्दामच येत नाही.

सासूबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा दादा,
टिकाराम