पाणी इथपर्यंत येईल

अहो,

गेलेल्या माणसाशी भांडायचं नाही, असं ठरवलं होतं. पण आज सोसायटीच्या अध्यक्षांची नोटीस आलीय, की पार्किंगच्या खांबांवरच्या रेघा रविवारपर्यंत पुसा. म्हणून लिहायला बसले.

मागचा ओढा आठवतोय ना? विसराल कसे! पालिका तो पाइपात घालून वरून रस्ता करणार म्हटल्यावर फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक रोज काठावर. संत्रं पाण्यात सोडायचं आणि ते पुलापर्यंत किती वेळात पोचतं, ते घड्याळात बघायचं. वाघोलीभर हसं झालं! वर मलाच विचारायचात, फळं कशी संपली?

त्यातून तुम्ही वेग काढलात, वेगावरून पाणी. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही, तासाभरात कोसळतो. तेवढं पाणी पाइपात मावणार नाही, आपल्या पार्किंगमध्ये कमरेपर्यंत चढेल. गणित चोख होतं. पण हरकत कशी लिहिलीत? अकरा पानं, त्यात निम्मी समीकरणं! पालिकेतल्या साहेबांनी पहिलं पानसुद्धा उलटलं नाही.

घरी आलात तेव्हा मी म्हणाले, "लोकांना तुमचं कळत नाही, कारण तुम्हाला लोक कळत नाहीत."

जन्मभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं मी. कसं सांगायचं ते मला येत होतं. पण माझ्या विषयाला तुम्ही गप्पांचं शास्त्र म्हणायचात ना, तो राग धरून गप्प बसले. दोन महिन्यांत तुम्ही गेलात. चुकलंच माझं. फार चुकलं.

मग तुमची वही काढली. आकडे कुणाला दाखवलेच नाहीत. निळा ऑइलपेंट आणला आणि तुम्ही काढलेल्या उंचीवर खांबाखांबावर रेघ ओढली. खाली लिहिलं, पाणी इथपर्यंत येईल. इतकी वर्षं कुठे काय झालंय, असं तुम्हाला सुनावणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका रेघ आपल्या स्कूटरवर कुठवर येते ते वाकून बघत होते.

वॉचमनची खोली पार्किंगमध्येच. तिथल्या भिंतीवर रेघ त्यांच्या खाटेच्या बरीच वर गेली. त्याची बायको सविता आधी खाटेकडे वळली. मग म्हणाली, "म्हंजी आमी झोपेत असलो तर?"

अकरा पानांत तुम्ही हेच विचारत होतात हो! मला रडू आलं. तुम्ही हवे होतात तिथे.

अध्यक्ष म्हणतात, रेघांमुळे फ्लॅटला गिऱ्हाईक येईना. मी कळवलं, पाण्यालाही हे सांगून बघा.

रेघ एकही पुसणार नाही. सोमवारी तुमच्या हरकतीवर पालिकेत शेवटची सुनावणी आहे. सविता माझ्याबरोबर येतेय. तिचं ती बोलेल, तुमचं गणित मी मांडेन, आणि साहेबांनी पुरतं ऐकल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही, हा माझा शब्द. हरले, तर मंगळवारी पलीकडच्या सोसायटीत रेघा ओढायला जाईन. परवानगी मागणार नाही.

तुमची,
सुलभा