मल्हारचा सिनेमा, चौथा आठवडा

१९ एप्रिल २००२, शुक्रवार
थेटरात आज मल्हारचा सिनेमा लावला. कॉलेजातली चार पोरं, एक स्कूटर, प्रिन्सिपॉलचा विग. मल्हार म्हणजे कवठ्याच्या बानूआक्काचा मुलगा, माझा सख्खा भाचा. हिरोचा मित्र आहे, पण चांगला मोठा रोल.
मी स्वतः सिनेमा बघत नाही. इथं लोकांना जागा दाखवायला टॉर्च धरायचो तेव्हापासून, पुढं थेटर चालवायला घेतलं तरी, एकच विद्या. दाराबाहेर उभं राहायचं, आतला आवाज ऐकायचा. आज एक वीसला जोरदार हशा. चालणार.

सायंकाळी ७
डोअरकीपर हौसराव म्हणतो, "शेठ, लोकं सिनेमाला न्हाई हसली. हिरोच्या नाकावरनं खरी पाल गेली." निगेटिव्ह माणूस. उद्यापासून त्याच्याशी चर्चा बंद.

२० एप्रिल
कवठ्याच्या एस्टीचा कंडक्टर गेणबा. त्याच्याकडं आक्काला निरोप दिला: पोरानं नाव काढलं, रोज हाऊसफुल्ल, बघायला ये. (मॅटिनीला अकरा माणसं. ऊन फार.)
आक्का चार वर्षं माझ्याशी बोलत नाही. थोरल्या भाचीचं लग्न शुक्रवारी होतं. अंतरपाट धरला, नवरीला आणायला मामाचा पुकारा झाला, आणि मामा इथं शिरूरात नव्या पिक्चरचा पहिला शो सोडत होता. यात चूक शुक्रवारची. आता धाकट्या सुषमाचं जमतंय असं कानावर आहे. या खेपेला तिचा हात धरून मीच आणणार. त्याआधी आक्का बोलती झाली पाहिजे.

२३ एप्रिल
आक्काचा उलट निरोप! गेणबा म्हणाला, "लई खूश हायत. म्हणत्यात, गर्दीत माझा जीव घुसमटतो. गर्दी वसरली की भावाला कळवायला सांग, लगीच येते."
भावाला! चार वर्षांनी भाऊ झालो.
पण गर्दी ओसरली असं एकदम कसं कळवायचं? आणखी चार दिवस हाऊसफुल्ल राहू दे. मग बेताबेतानं कमी करू.
आज सहा माणसं.

२७ एप्रिल
पुण्याहून वितरकाचा फोन. रिळांची पेटी परत पाठवा, दौंडच्या थेटरानं दोन दिवसांत उतरवला. म्हटलं, दौंड जंक्शन आहे, तिथं कुणी टेकत नाही.
दाराला कान लावला. पूर्ण शांतता. लोक रंगलेत. हौसराव म्हणाला, "रंगली न्हाईत, निजल्यात. पंखं चालू हायत नव्हं?"

१ मे
कळवलं: गर्दी थोडी कमी आहे. उत्तर आलं, "थोडी म्हंजी किती? अजून दोनचार दिस जाऊ द्या."
ही गर्दी मीच जमवली, आता तिच्यातून मलाच बाहेर पडता येईना.

५ मे, रविवार
परवा कळवलं, गर्दी आता बेताची. उद्या आक्का येणार! थेटर अगदीच रिकामं दिसायला नको, मार्केट यार्डातले हमाल फुकट बसवतो. वर चहा. सगळ्यांना ताकीद: मल्हार दिसला की शिट्टी.

६ मे
आक्का आली. आत मात्र जाईना. दारातच उभी राहिली, कान देऊन. आमचे कान एकाच बापाचे. आत शिट्ट्या. आक्काच्या डोळ्यांत पाणी. पिशवीतून सुषमाची पत्रिका काढली. १० मे, शुक्रवार, दुपारी १२.३५.
म्हणाली, "भीमा, मागल्या बारीला मी उगंच रागावले बघ. शुक्रवारी तुला हलता येत न्हाई. आन् आता तर माझ्याच लेकराचा सिनेमा, एवढी गर्दी टाकून तू कसा येशील? मामा म्हनून हरिबाला उभा ऱ्हायला सांगितलंय. तू जिवाला लावून घिऊ नगंस."
हरिबा, आमचा चुलतभाऊ. ज्याला स्वतःचा फेटा धड बांधता येत नाही.
सांगणार होतो, आक्का, आत हमाल आहेत. तोंड उघडलं आणि नेमका मल्हार पडद्यावर आला. शिट्ट्यांनी पत्रे हलले. आक्का हसली. चार वर्षांनी हसली.
म्हटलं, "व्हय आक्का. लई गर्दी हाय."
परतीच्या गाडीसाठी सिनेमा न बघताच गेली.

८ मे
ठरलं. उद्या पहिल्या गाडीनं कवठ्याला. खरं सांगायचं, हरिबाला बाजूला करायचं. एका मिनिटाचं काम.

९ मे
पहिली गाडी चुकली. दुसरीत बसलो. गेणबा म्हणाला, "शेठ, तुम्ही कसं काय निघाला? बानूबाई साऱ्या गावाला सांगत्यात, भावाला जेवायला सवड न्हाई, एवढा चालतोय माझ्या मल्हारचा सिनेमा." गाडी स्टँडाच्या बाहेर पडायच्या आत उतरलो. छत्री राहिली म्हणून सांगितलं. मे महिन्यात.

१० मे, शुक्रवार, दुपारी १२.३५
चौथा आठवडा. एकही तिकीट नाही. हौसराव म्हणाला, "शेठ, बंद ठिवू. लग्नाला जावा." म्हटलं, चालू कर. कवठ्याचं कुणी बाजाराला आलं आणि थेटर बंद दिसलं तर?
आत जाऊन पुढच्या रांगेत बसलो. तिकडं हरिबानं सुषमाचा हात धरला असेल. इकडं मल्हार शेणात पडला. परत उठला, परत पडला.
सिनेमा वाईट आहे.