पांढऱ्यातली नवरी

प्रिय कुंदामावशी,

माझ्या कुर्त्याच्या खांद्यावर अजून दोन टाचण्या तशाच टोचलेल्या आहेत. हातपायही धुतले नाहीत. आईला आत्ताच स्टँडवर गावच्या एसटीत बसवून दिलं, धावत दुकानात आले, शटर अर्धं ओढलं आणि लिहायला बसले. हे सगळं कुणाला तरी सांगायचंय गं! नाझनीनला सांगावं तर ती सकाळपासून माझ्याबरोबरच होती. नाझनीन आठवते ना? माझ्या वर्गातली, मिरकरवाड्याची, जिचा सुरमईचा डबा तू एकदा एकटीनं संपवलास? ती आता माझी भागीदार आहे. हो, भागीदार! दुकान आहे आमचं!

आणि मावशी, आज आम्ही सजवलेली पहिली नवरी लग्नाला उभी राहिली. पांढऱ्यात! डोक्यावरच्या ओढणीपासून ब्लाउजच्या शेवटच्या हुकापर्यंत सगळं आमच्या हातचं.

थांब, पहिल्यापासून सांगते. मधूनच सुरू केलेली गोष्ट तुला आवडायची नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलंस तूच. आपल्या वाडीत एसटीतून गॉगल लावून उतरणारी तू एकटी. तुझ्या अंगणवाडीतल्या पोरांना वर्तमानपत्राचे झगे करून घालायचीस आणि वर त्यांना ऐटीत चालायला लावायचीस. मला फ्रॉक शिवायचीस, त्यांचं तर काय सांगावं! एक बाही फुगलेली, दुसरी लोंबलेली. तुझ्या हातचा एकही फ्रॉक दोन्हीकडून सारखा नव्हता. मी भोकाड पसरलं की म्हणायचीस, "अगो बाय, तू चालताना लोकांना एकच बाजू दिसतंय. दुसरी कोण बघायला येतंय?"

लग्न का केलं नाहीस असं विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं. "चांगला शर्ट घातलेला माणूसच भेटला नाय." सगळे हसायचे, तूही हसायचीस. खरं काय होतं गं? मी मोठी झाल्यावर तरी सांगायचंस.

माझ्या बारावीनंतर मे महिन्यात बाबा मुंबईहून आले, तो दिवस आठवतो? ते दवाखान्यात वॉर्डबॉय. मुलीनं नर्स व्हायचं, हे त्यांनी मनात पक्कं करून ठेवलेलं. मी फॅशन डिझायनिंगचं नाव काढलं तशी त्यांची चहाची कपबशी हवेतच थांबली.

"शिंपीकाम शिकायला कॉलेजात जातात?"

तू पदर खोचलास. "भावोजी, तुमच्या अंगावरचा शर्ट काय झाडाला लागला होता? कुणीतरी आधी तो डोक्यात बघितला, मग कागदावर काढला, मग कापला. ह्या पोरीला ते जमतंय. जाऊ द्या तिला."

"आणि नाय जमलं तर?"

"तर मी हाय ना! दोघी मिळून वाकड्या बाह्या शिवू."

बाबा हसले नाहीत, पण नाही असंही म्हणाले नाहीत. आणि ॲडमिशनच्या दिवशी माझ्याआधी तूच तयार होऊन दारात उभी! ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "ॲडमिशन कुणाची?" तू केस सारखे करून पुढे सरकलीस. मला तेव्हा उगाच वाटलं, आता ही स्वतःचंच नाव सांगते की काय! सांगितलं असतंस तर काय मजा आली असती.

कॉलेजातले ते पहिले महिने! मला वाटलं होतं, नुसती सुंदर चित्रं काढायची. मॅडमनी हातात जाडंभरडं मांजरपाट ठेवलं. डमीवर टाकायचं, टाचायचं, उसवायचं, पुन्हा टाकायचं. कापडाला उभं-आडवं असतं, आणि तेच कापड तिरकं कापलं की अंगावरून पाण्यासारखं उतरतं, हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी वर्गाबाहेर येऊन तुला फोन केला होता. तुला काही समजलं नव्हतं, पण तू माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडलीस. घरी डमी नव्हती, म्हणून सुट्टीच्या दिवशी तुलाच उभी करायचे. "हलू नको." "नाय हलत." आणि पुढच्याच क्षणी "आई गं! टोचलीस ना, कार्टे!"

मग तो साडीच्या दुकानातला प्रसंग. वाडीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं आणि साडी बघायचं काम तिच्या आईनं तुझ्यावर टाकलं. तू मला घेऊन बाजारपेठेतल्या दुकानात गेलीस, गादीवर ऐसपैस बसलीस आणि म्हणालीस, "पांढऱ्या साड्या दाखवा."

तो माणूस पुढे सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, "कोण वारलं, बाई?"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. आपल्या बौद्ध लग्नात नवरी पांढरं नेसते, हे त्याला कुणी सांगितलं असणार? तू मात्र अख्खं दुकान वळून बघेल अशी हसलीस. "वारलं कोण नाय हो! लगीन हाय! नवरी नटवायची हाय आमची!"

बिचारा ओशाळला. होतं नव्हतं ते सगळं काढून दाखवलं त्यानं. पण एकही साडी नटण्याजोगी नव्हती. बारीक काठाच्या, म्हाताऱ्या बायकांसाठी ठेवलेल्या. शेवटी मुंबईहूनच साडी आली, आणि तिच्यावरचा ब्लाउज नवरीच्या दंडात शिरेना. दुकानातून उतरताना तू पायरीवर मध्येच थांबली होतीस. "प्रज्ञू, तू शिकतंस ना? मग हे कोण करणार? आपल्या पोरींनी नटायचं म्हटलं की दरवेळी मुंबई गाठायची?"

धंदा तिथे सुरू झाला, मावशी. मशीन नंतर आली.

आणि तू काय केलंस? मी दुसऱ्या वर्षाला असताना, भातलावणीच्या दिवसांत, छातीत दुखायला लागलं ते कुणाला बोलली नाहीस. आंबट खाल्लं म्हणून जळजळतंय म्हणालीस! अख्ख्या वाडीच्या दुखण्याखुपण्याला दवाखान्याची गाडी बोलावणारी तू. स्वतःसाठी एक हाक मारायला काय झालं होतं? मी अजून रागावलेली आहे तुझ्यावर, सांगून ठेवते. निरोप मिळून मी पोचले तेव्हा तुझ्या अंगावर पांढरी चादर होती.

त्यानंतर मला पांढरं कापड हातात धरवेना.

कोर्स पुरा केला. स्टँडमागच्या गल्लीत नाझनीननं आणि मी ही खोली घेतली, दोन मशीन मांडल्या. निळं शिवलं, हळदी शिवलं, मोरपिशी, कोकमासारखं लालभडक. कॉलेजच्या मुली येऊ लागल्या, मग शाळेतल्या बाई, मग त्यांच्या बहिणी. लोकांना आमचे कपडे आवडतात गं! रस्त्यात अनोळखी मुलीच्या अंगावर स्वतः काढलेला गळा दिसला की मी वळून वळून बघते! पण हँगरवर पांढरा कपडा एकही नव्हता. नाझनीननं कधी विचारलं नाही. त्या दुकानदाराचा प्रश्न आता माझ्याच तोंडात येऊन बसला होता. पांढरं बघितलं की वाटायचं, कोण गेलं?

अशात एक दिवस समीक्षा आली. नर्स आहे ती, ड्यूटी संपवून तशीच आलेली. म्हणाली, "माझं लग्न ठरलंय. मुंबईला जायला रजा मिळत नाही. तुमच्याकडे नवरीसाठी पांढऱ्यात काय आहे?"

मी म्हटलं, "आम्ही पांढरं करत नाही."

आतून नाझनीनचा आवाज आला, "करतो! बसा तुम्ही."

समीक्षा गेल्यावर मी नाझनीनवर तुटून पडले. तिनं सुई खाली ठेवली नाही की मान वर केली नाही. "तुझी मावशी आज इथं असती ना, तर 'करत नाही' म्हटल्याबद्दल तुझ्या पाठीत धपाटा घातला असता. आणि मी तिला दुसरा घाल म्हटलं असतं."

मी रडले. मग हसले. खरंच घातला असतास ना?

दुसऱ्या दिवशी कापड आणलं. कात्री मी नाझनीनच्या पुढ्यात सरकवली, पहिला काप तिनंच दिला. पण एकदा बसले आणि मावशी, काय सांगू! पांढरं म्हणजे एक रंग नाहीच! खिडकीत चार तुकडे टाकले तर एक शहाळ्यातल्या मलईसारखा, एक पेजेसारखा, एक मोगऱ्यासारखा, एक थेट चुना. मला वेडच लागलं. साडी मोगऱ्याची घेतली. तिच्या काठावर पांढऱ्याच रेशमानं पिंपळपानं भरायची आणि पानाच्या शिरेला तेवढी सोनेरी जर, म्हणजे नवरी हलली की पान चमकेल, असं मी कागदावर काढलं. नाझनीननं ते हातानं भरलं. एकेक पान असं, की फुंकर घातली तर उडेल. नवऱ्याच्या कुर्त्याच्या कॉलरवर त्यातलं एकच पान.

आणि काय ते सोवळं पाळलं आम्ही! दुकानात चहा बंद, डब्यात मासे बंद. आपली ही तांबडी धूळ तुला माहीत आहे, दारातून आली की कशावर बसेल नेम नाही. जुन्या चादरी ओल्या करून खिडक्यांना लावल्या होत्या. येणाऱ्या बायका विचारायच्या, "काय गो, आत बाळंतीण हाय काय?"

समीक्षाच्या आजीचा मात्र विरोध होता. एकदा नातीबरोबर आली, काठ बघितला आणि म्हणाली, "पांढरं म्हणजे साधं. विहारात बसायचं ते असं चमकत? आपल्यात असला थाट नाय." समीक्षा हट्टाला पेटली. "आजी, आयुष्यभर युनिफॉर्मचंच पांढरं घालायचंय मला. एक दिवस तरी पांढऱ्यात नटू दे." आजी पायात चपला सरकवून निघून गेली. मला धास्ती पडली, ऐन वेळी साधी साडी काढून ठेवते की काय.

आज सकाळी तिच्या गावी पोचलो. साडी उलगडली, ओढणी मांडली, आणि ब्लाउजच दंडात अडकला! तोच ब्लाउज, जो मागच्या आठवड्यात छान बसला होता. समीक्षाच्या डोळ्यांत पाणी, बाहेर पाहुणे, आणि आजी दारात हाताची घडी घालून उभी. नाझनीननं माझ्याकडे बघितलं. "माया ठेवलीस ना?"

ठेवली होती! शिवणीत आत दोन बोटं जादा कापड, दोन्हीकडे. शेजारच्या घरातली पायमशीन अंगणात ओढली, उसवलं, पुन्हा टीप मारली. बाही चढते कशी नाही तेच बघते, असं मनात म्हणत होते. चढली! आणि दोन्ही बाह्या अगदी सारख्या, मावशी. तू बघायला हवी होतीस!

विहारात वंदना सुरू होती. समीक्षा आत आली. सभागृह नेहमीचंच, पंखे कुरकुरणारे, मुलं धावणारी. पण ती चालायला लागली तशी ती पानं एकेक करून उजळत गेली आणि बोलणारी माणसं आपोआप थांबली. मला पुढचं नीट दिसलं नाही. डोळे भरले होते, पण दुःखानं नाही गं, खरंच नाही.

जेवणं चालू असताना आजीनं मला हाक मारली. "इकडं ये गो. हा पिंपळ कोणी काढला?"

"मी काढला. भरला हिनं."

आजीनं नाझनीनचा हात हातात घेतला, बोटं उलटीपालटी करून बघितली. मग मला म्हणाली, "माझ्या लग्नात दुसऱ्याची साडी मागून आणलेली. पांढरी होती, येवढंच." आणि हात न सोडता, "धाकटीचं लगीन पुढल्या साली. तिला पण असंच करा. पानं जरा मोठी काढा, मला दिसत नाय."

पानं मोठी काढा! ऐकलंस? आणि निघेपर्यंत आणखी दोघींनी नंबर घेतले! आमची पहिली नवरी बघायला आईबाबाही आले होते, बाबा तर थेट मुंबईहून. त्यांनी माझा आणि नवरीचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, "माझी मुलगी, ड्रेस डिझाईनर." तुझ्या भावोजींनी! शिंपीकाम म्हणणाऱ्यांनी!

आता सगळ्यात शेवटचं, आणि ते तुझ्या बहिणीबद्दल. एसटीला वेळ होता म्हणून आई माझ्याबरोबर दुकानात आली. तू गेल्यापासून तिनं पांढरं नेसलेलं नाही. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्या बायका पांढऱ्यात असतात आणि आई एकटी करड्या साडीत, कडेनं चालते. आम्ही तिला कधी काही म्हटलं नाही. आज तिनं उरलेल्या पांढऱ्या कापडावरून हात फिरवला. मग पर्स खुर्चीवर ठेवली आणि दोन्ही हात बाजूला पसरून माझ्यासमोर उभी राहिली.

"घे माप."

मी टेप शोधायला लागले. सापडेना! गळ्यातच होती.

"बाही जरा सैल ठेव," आई म्हणाली. "ह्या वर्षी लेझीम खेळायचं म्हणतंय मी."

मावशी, शब्द देते तुला. मे महिन्यातल्या नवऱ्या थांबतील, सगळं थांबेल. आधी आईचा ब्लाउज. जयंतीला आई पुढच्या रांगेत असेल, पांढऱ्यात, आणि तिचे हात जितके वर जातील तितके जाऊ देईल अशी बाही मी तिला शिवून देईन.

तुझी,
प्रज्ञू