भागीबाईचं स्वप्न

११ नोव्हेंबर
चार महिने एक ओळ नाही. चुकलं. आजही दमूनच बसले आहे, पण हे मनात ठेवता येणार नाही.

काल पंचवटीतल्या दवाखान्यात अपेंडिक्स, भूल माझी. पेशंट भागीबाई, सुरगाण्याकडची, दिंडोरीच्या द्राक्षबागेत मजुरीला आलेली. श्वासनलिकेत नळी घालण्यापुरतं सक्सामिथोनियम दिलं — स्नायू सैल पाडणारं, पाच-दहा मिनिटांत उतरणारं. पोट शेवटपर्यंत सैल. ते सैल ठेवायला एरवी लागणारं दुसरं औषध लागलंच नाही. सर्जन अश्विन टाके घालताना म्हणाला, आज भूल एक नंबर. मीही खूश. तेव्हाच शंका यायला हवी होती!

झोपेचा गॅस बंद केला. श्वास येईना. बोट हलेना. नाडी एकशे चाळीस, डोळ्यांच्या कडेने पाणी. ते पाणी बघून कळलं — बाई जागी आहे. पुन्हा झोपवलं. मधे बारा मिनिटं गेली होती. यंत्रावर तीन तास ठेवली, मग श्वास घेऊ लागली.

नवऱ्याला, बुधाला, नंतर विचारलं. फवारणीचं औषध पिंपात कालवायचं काम महिनाभर तिचंच. उघड्या हातांनी. ते विष अंगात भिनलं की सक्सामिथोनियम लवकर उतरत नाही. मला हे पाठ आहे. मी उपास विचारला, तंबाखू विचारली. हे नाही.

१२ नोव्हेंबर
भागीबाई म्हणाली, सगळं ऐकू येत होतं, पापणी उचलंना. वाटलं, मेले, आता जाळायला नेतील.
मी म्हटलं, भुलीत स्वप्नं पडतात.
तोंडून निसटलं नाही. ठरवून म्हटलं.

१५ नोव्हेंबर
पोटात पू. पुन्हा उघडायला हवं. भागीबाई नाही म्हणते, घरी न्या म्हणते. बुधा करवादला, "सपनाला काय भेतीस? बाईनी सांगलं ना!"
दाखला माझ्याच खोट्याचा.
अश्विन म्हणतो, सही घेऊ आणि सोडू, आपण किती समजावणार? घरी नेली तर आठवडा काढणार नाही.

१६ नोव्हेंबर
भागीबाईला सांगितलं. बुधा, अश्विन, दोघांसमोर. ते स्वप्न नव्हतं, तुम्ही जाग्याच होता, चूक माझी. अश्विन बाहेर निघून गेला. बुधाने बायकोकडे पाहिलंच नाही.

तिने मात्र माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग सुई तूच दे. दुसऱ्याला काय ठावं, मी आत हाय ते."

उद्या: सातच्या आत तिच्या ट्रेमधून सक्सामिथोनियम काढून टाकणे.